लाल रेघेमागचे पत्ते

ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर पंख्याखाली बसून पुस्तकं वाचत असणार. माझ्या नणंदेला तर मी निवृत्त होईपर्यंत असंच वाटत होतं. हलवायाला मिठाई खावीशी वाटत नाही म्हणतात, तसं आमचं थोडंफार होतं. पुस्तक आलं की त्याला नंबर द्यायचा, जागा द्यायची, मागणाऱ्याला ते दोन मिनिटांत काढून द्यायचं, परत आलं की फाटलं का ते बघायचं. या सगळ्यात ते वाचायचं मात्र राहून जातं.

स्टेशनच्या सिंदीत, म्हणजे नागपूरकडच्या सिंदी रेल्वे या गावात, मी वाचनालय सांभाळलं. वाचक म्हणाल तर एकेक नमुना. एक सद्गृहस्थ रोज सकाळी येऊन फक्त निधनवार्ता वाचायचे आणि ओळखीचं कुणी गेलेलं नसलं की जरा हिरमुसून घरी जायचे. जिनिंगमधले एक मुनीम कादंबरी नेण्याआधी उभ्याउभ्या शेवटचं पान वाचत. शेवट गोड नसला तर पुस्तक परत टेबलावर. ते मुनीमजी आज असते तर हा लेख त्यांनी घरी नेला नसता.

आमच्या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संगणक येण्याआधी प्रत्येक पुस्तकाचे जाड कागदाचे पत्ते असत. खरं नाव तालिकापत्र, पण तसं कुणी म्हणत नसे. पोस्टकार्डापेक्षा जरा लहान, त्यावर लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, विषय आणि कपाटातली जागा. छोट्या छोट्या खणांच्या एका लाकडी कपाटात ते ओळीनं लावलेले. पुस्तक हरवलं, वाळवीनं खाल्लं किंवा त्याची जागा बदलली की जुना पत्ता बाहेर काढायचा आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारायची. लाल रेघ म्हणजे रद्द. माझ्या हातून अशा किती रेघा मारल्या गेल्या याचा हिशेब नाही. मारताना हात कधी थांबला नाही.

वाचनालयात एक इंग्रजी कपाट होतं. कापसाच्या व्यापारासाठी कुणी साहेब पूर्वी इकडे येऊन राहिला होता, जाताना त्यानं सोडलेली पुस्तकं त्यात होती. वर्षातून एकदा वाळवीची पावडर टाकायला ते उघडायचं. देवराव काकाजींनी ते पहिल्यांदा वाचायला उघडायला लावलं.

काकाजी कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर गाडी आली की चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा केवढा, माल कसा, ते सांगायचं. त्यांच्या शब्दावर मालाचा भाव ठरायचा. निवृत्त झाल्यावर अंगठ्यांना काम उरलं नाही म्हणून ते वाचनालयात यायला लागले. मराठी पुस्तकं दोन वर्षांत संपवली आणि मग शब्दकोश शेजारी घेऊन इंग्रजी कपाटाकडे वळले. मॅट्रिकचं इंग्रजी, पण चिकाटी अशी की एक पान दोन दिवस पुरायचं.

त्यात त्यांच्या हाती एक जाडजूड, चामड्याच्या पाठीचं पुस्तक लागलं. कोणे एके काळी एक युरोपी डॉक्टर हलब नावाच्या दूरच्या शहरात व्यापाऱ्यांच्या वखारीसोबत जाऊन राहिला आणि त्यानं त्या शहराचा सगळा निसर्ग लिहून काढला. कोणत्या महिन्यात बाजारात कोणती भाजी येते, नदीकाठच्या बागेत कोणती झाडं, कोणते पक्षी कधी येतात आणि कधी जातात, गल्लीतली कुत्री, उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारी माणसं आणि त्यांचे ताप. शेजारी तिथल्या लोकांच्या तोंडची नावंही दिलेली; शहराचं हलब हे नावही त्यांतलंच, काकाजींनी तेच धरलं. आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी ते पुस्तक प्रवासवर्णनात टाकलं होतं. काकाजी पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, हे चुकीच्या जागी हाये," ते म्हणाले. "हा माणूस फिरायले नाई गेलता. हा तं तिथं राह्यला."

मी पुस्तक चाळलं आणि त्यांचं म्हणणं पटलं. प्रवास करणारा माणूस बाजारात भाजी पाहतो, पण ती पुढच्या वर्षी त्याच महिन्यात आली का हे पाहायला थांबत नाही. मी पुस्तकाची जागा बदलली, नवा पत्ता केला आणि जुन्यावर लाल रेघ मारली. तो रद्द पत्ता काकाजींनी मागून घेतला. मागची बाजू कोरी होती, कागद जाड होता, टाकून कशाला द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. मी दिला. एका रद्द पत्त्याला नाही म्हणायचं मला काही कारण नव्हतं.

आठ दिवसांनी त्यांनी तो मला दाखवला. मागे बारीक, ताठ अक्षरात लिहिलं होतं, सिंदी. झाडाचं नाव. आमच्या गावाचं नाव ज्या झाडाचं, त्या खजुरासारख्या झाडाची नोंद. गावाच्या शिवारात ती कुठे कुठे उभी आहेत, फळ कधी पिकतं, त्याच्या पानांच्या चटया आणि झाडू कोण करायचं. आणि सगळ्यांत खाली, थोडी जागा सोडून, "सांगणार", आणि त्यापुढे एका म्हातारीचं नाव, जी अजून झाडू विणत होती.

मी विचारलं, हे सांगणार काय? ते म्हणाले, त्या डॉक्टरनं सगळं छान लिहिलं, पण माळ्यानं सांगितलं, कोळ्यानं सांगितलं, एवढंच. त्या माळ्याचं नाव काय होतं, ते कुठेच नाही. एवढ्या मोठ्या पुस्तकात एका माळ्याचं नाव मावलं नसतं का? हे बोलताना ते चिडले होते. एवढ्या जुन्या माळ्यासाठी कुणी चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवसापासून रद्द पत्ते काकाजींचे. दर महिन्याला मी त्यांना गठ्ठा द्यायची आणि ते मागच्या कोऱ्या बाजूवर सिंदी लिहायचे. तरोट्याची कोवळी भाजी, चिवळ, कुंजीर अशा रानभाज्या. दसऱ्याला ज्याचं दर्शन घ्यायला लोक शिवारात जातात तो नीलकंठ. तलावावर हिवाळ्यात उतरणारे पांढरे करकोचे, जे हलबच्या पुस्तकातही होते. हे तेच पाखरू, तिथूनच येते, असं ते ठासून सांगत. मला ते खरं की खोटं माहीत नाही, पण त्यांना त्याचा फार आनंद होता. प्रत्येक पत्त्याखाली सांगणाऱ्याचं नाव. गुराखी, भाजीवाली, तलावावर मासे धरणारा भोई, स्टेशनवरचा हमाल.

टेबलावर पत्ते मांडून बसलेले दिसायचे म्हणून लोक थट्टा करत, काकाजी वाचनालयात पत्ते पिसतात. ते म्हणायचे, गावाचा पत्ता लिहून राह्यलो. घरी एक खोली, त्यात नातवंडांचा अभ्यास, पत्ते ओले होण्याची भीती. म्हणून मी त्यांना आमच्याच लाकडी कपाटातला सगळ्यांत खालचा एक रिकामा खण दिला. बाहेर चिठ्ठी लावायची राहिली. आज लावू, उद्या लावू करत राहिलीच.

एकदा त्यांनी मला सांगितलं की तुमचाही एक पत्ता केला आहे. मी हसून दाखवा म्हटलं तर म्हणाले, पुस्तक पूर्ण झाल्यावर. काय लिहिलं असेल? ग्रंथपाल, सावलीत आढळते, उन्हाळ्यात चिडकी? ते मिशीत हसले आणि पत्ते आवरायला लागले.

मग ती वर्षं आली, जेव्हा वर्तमानपत्रात रोज अलेप्पो नावाचं शहर यायला लागलं. कोसळलेल्या इमारती, धुळीत माखलेली मुलं. एका सकाळी काकाजींनी वर्तमानपत्र माझ्यासमोर पसरलं आणि त्याच्या शेजारी ते जाड पुस्तक उघडून ठेवलं. पुस्तकातल्या नकाशाखाली इंग्रजीत तेच नाव होतं. हलब म्हणजेच अलेप्पो.

"मॅडम, हे तेच का?"

मी हो म्हटलं. ते कितीतरी वेळ दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "बगीचा गेला असन. पण त्याचं नाव हाये. त्यानं लेहून ठेवलं म्हणून हाये." आणि जरा थांबून, "आपल्या गावावर कोणी बाम नाई टाकून राह्यलं मॅडम. तरी पाह्यजा, काय काय गेलं."

त्यानंतर ते घाईनं लिहायला लागले. पूर्वी आठवड्याला दोन पत्ते होत, आता रोज होऊ लागले. सकाळी शिवारात, दुपारी वाचनालयात. झाडू विणणारी ती म्हातारी तोवर गेली होती. सांगणारी माणसं आपल्या आधी जातील, ही भीती त्यांनी मला बोलून दाखवली. आपण त्यांच्या आधी जाऊ हे काही त्यांच्या मनात आलं नसावं.

त्याच वर्षी वाचनालयात संगणक आला. सगळ्या पुस्तकांची नावं त्यात भरायची, मग वाचनालयाची सरकारी तपासणी. ते काम मी आणि एका मुलीनं मिळून सहा महिने केलं. काकाजी मध्येच यायचे थांबले. लकवा मारला, नागपूरला दवाखान्यात नेलं, असं कळलं. भेटायला जायचं मनात होतं. तपासणी झाली की जाऊ, असं मी ठरवलं.

तपासणीच्या दोन दिवस आधी कमिटीनं निरोप दिला, आता त्या लाकडी कपाटाचं काय काम, तिथे संगणकाचं टेबल लावा. कपाट एका सुतारानं घेतलं. त्याच्या माणसांनी एकेक खण ओढून सगळे पत्ते जमिनीवर एकाच ढिगात ओतले. मी खाली बसून ढीग निवडायला लागले. नियम सोपा होता. ज्यावर रेघ नाही ते चांगले, ते जपायचे. ज्यावर लाल रेघ ते रद्द, ते रद्दीत. माझे हात या कामात मुरलेले. दोन तासांत सगळं निवडून झालं. लाल रेघेचे गठ्ठे सुतळीनं बांधले आणि दारावर आलेल्या रद्दीवाल्याला मीच हाक मारली.

चांगले पत्ते संगणकात गेले होते, त्यांचा उपयोग संपलेला होता. ते मी कापडात बांधून वर माळ्यावर ठेवले. आणि लाल रेघेच्या मागे एक अख्खं गाव होतं, ते दिलं. एक पत्ता, एकच पत्ता जरी मी उलटून पाहिला असता. चाळीस वेळा कुणाला तरी सांगितलं असेल की पुस्तक घेण्याआधी मागची बाजू बघा. मीच पाहिली नाही.

तपासणी छान पार पडली. शेरा चांगला मिळाला. आठ दिवसांनी काकाजींची सून आली. बाबांना घरी आणलं आहे, उजवी बाजू गेली आहे, जीभ जड झाली आहे, दिसतंही कमी, पण डोकं शाबूत आहे, असं तिनं सांगितलं. आणि पदर सावरत म्हणाली, "मॅडम, बाबा म्हणते का पत्ते घेऊन या. वाचून दाखवा म्हणते."

मी होकार दिला आणि ती गेल्यावर रद्दीच्या दुकानात धावले. धावले म्हणजे खरंच धावले, पन्नाशीची बाई भर बाजारातून. माल आधीच पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेला होता. दुकानदार भला माणूस, त्यानं तिथे फोनही लावून पाहिला. पत्त्यांचा पत्ता लागला नाही. कुठल्या तरी पुठ्ठ्याच्या खोक्यात आमच्या तलावावरचे करकोचे असतील.

पुढचं सांगायला मला अजूनही जड जातं. मी काकाजींना खरं सांगितलं नाही. माळ्यावरचे ते चांगले पत्ते काढले, त्यांतल्या काहींवर लाल रेघ मारली आणि मागे आठवेल तसं लिहिलं. त्यांचं बोलणं मी इतकी वर्षं ऐकलं होतं, काही तर पाठ झालं होतं. तरोटा, नीलकंठ, करकोचे, सिंदीचं झाड. सात-आठ पत्ते झाले. ते पर्समध्ये घालून मी त्यांच्या घरी गेले.

खाटेवर ते फार लहान दिसत होते. मी शेजारी स्टुलावर बसले आणि पहिला पत्ता वाचायला घेतला. नीलकंठ. दसऱ्याला तारेवर दिसतो, पंख उघडला की निळा रंग दिसतो, एरवी मातकट. काकाजींनी डोळे मिटून ऐकलं. मी थांबले तरी ते तसेच वाट पाहत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं.

"सांगणार?"

माझ्या हातातल्या पत्त्यावर खाली काहीच नव्हतं. मला पक्ष्याचा रंग आठवत होता, महिना आठवत होता, आणि ज्या माणसानं त्यांना हे सांगितलं त्याचं नाव एकदाही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. एकाही पत्त्यावर मी सांगणार लिहिलं नव्हतं. मला ते सुचलंच नव्हतं.

काकाजींनी डावा हात पुढे केला. मी पत्ता दिला. त्यांनी तो अंगठ्यात आणि बोटात धरला, कापूस धरायचे तसा, आणि जरासा दाबून पाहिला. खणात नुसता पडून राहिलेला पत्ता, कडा अजून खरखरीत. त्यांचे पत्ते हाताळून हाताळून मऊ झाले होते. त्यांना कळलं. मग मी रडत रडत सगळं सांगितलं. सून दारात उभी होती, तीही ऐकत होती.

माझी बोलणी खायची तयारी होती. दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, एकेक शब्द ओढून, "तुमची नाई चूक मॅडम. मीच रद्दावर लेहलं. रद्दावर लेहलेलं लोकं रद्दच समजन."

शिव्यांनी एवढं लागलं नसतं.

मग त्यांनी सुनेला कोरे कागद आणायला सांगितले. कोरे, म्हणून दोनदा बजावलं. त्यानंतर रोज चार वाजता वाचनालय त्या संगणकावरच्या मुलीच्या भरवशावर टाकून मी त्यांच्याकडे जायची. ते सांगायचे, मी लिहायची. एखादा शब्द जिभेवर यायला पाच मिनिटं लागत. झाडं, पाखरं त्यांना सगळी आठवत होती. सांगणारी नावं मात्र गळून पडली होती. एखादं आठवलं की त्यांचा चेहरा उजळायचा. नाही आठवलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते मला पुसूही द्यायचे नाहीत. त्या नावांसाठीच तर त्यांनी हे सगळं मांडलं होतं. शेवटी सुनेनं सुचवलं की नाव नाही तिथे बाबा तुमचंच नाव टाकू. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आपण फक्त लिहिणारे, असं त्यांचं म्हणणं. त्या जागा आम्ही रिकाम्या सोडल्या.

आषाढापासून सुरुवात केली होती, कार्तिकापर्यंत पोचलो. करकोचे यायच्या आधी, मार्गशीर्षात काकाजी गेले. सिंदीचं अर्धं वर्ष लिहून झालं, अर्धं राहिलं.

जायच्या थोडे दिवस आधी मी त्यांना विचारलं होतं, माझ्या पत्त्यावर काय लिहिलं होतं? ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तुमचा पत्ता कोराच होता मॅडम. वर निस्तं नाव लेहलं होतं. तुमच्याबद्दल सांगणारंच कोणी नाई भेटलं. तुमी स्वतः कधी सांगतच नाई ना काही. लेहून देजा एखांद्या दिवशी."

तो कागदांचा गठ्ठा मी बांधून घेतला आणि वाचनालयात रीतसर दाखल केला. लेखकाच्या रकान्यात काय भरायचं यावर थोडी हुज्जत झाली, मी देवरावांचं नाव घातलं. जागा हलबच्या त्या पुस्तकाच्या शेजारची. मी निवृत्त झाले तोवर ते कुणी घरी नेलं नव्हतं. मी अधूनमधून जाते, काढते, रिकाम्या जागा बघते आणि परत ठेवते. गावात कुणी म्हातारं भेटलं की विचारते, कधी एखादं नाव मिळतं. तीन जागा भरल्या आहेत. माघातलं, फाल्गुनातलं मला लिहिता येत नाही. मी इतकी वर्षं या गावात राहिले, पण काकाजी ज्याला राहणं म्हणायचे तसं नाही.

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला तो कोरा पत्ता आठवला. त्यांनी मागितलं होतं ते लिहून द्यायला मला फार उशीर झाला, आणि एका पत्त्यात ते मावलंही नाही. पण त्यांच्या पद्धतीप्रमाणे खाली नोंद हवी, नाहीतर ते पुन्हा डोळे मिटून वाट पाहत राहतील.

सांगणार: वाचनालयातली बाई. दोन्ही वेळा पत्ते तिनंच दिले, आधी त्यांना, मग रद्दीवाल्याला.